नोकरी मिळाली, खोली मिळेना

१७ जून २०१७ रोजी कोची मेट्रोचे उद्घाटन झाले, तेव्हा देशभरच्या वृत्तपत्रांनी गाडीपेक्षा तिच्या कर्मचाऱ्यांविषयीच अधिक लिहिले. तिकीटखिडकी सांभाळणे, स्थानकाची स्वच्छता ठेवणे, प्रवाशांना माहिती देणे ही कामे केरळच्या ‘कुटुंबश्री’ या महिला बचतगटांच्या जाळ्याकडे सोपविण्यात आली होती, आणि त्यांत वीसहून अधिक तृतीयपंथी व्यक्तींची रीतसर निवड झाली होती. मुलाखत, प्रशिक्षण, गणवेश, ओळखपत्र, महिन्याचे वेतन हे सारे इतरांना होते तसेच त्यांनाही होते. केरळने २०१५ मध्येच तृतीयपंथीयांसाठी राज्याचे स्वतंत्र धोरण जाहीर केले होते. त्या धोरणाला आता प्रत्यक्ष रूप येत होते. छायाचित्रे छापून आली, अभिनंदनाचे अग्रलेख झाले.

गाड्या धावू लागून काही दिवस लोटतात न लोटतात, तोच त्यांपैकी आठजणांनी काम सोडले. काम जमले नाही, अधिकाऱ्यांनी त्रास दिला किंवा प्रवाशांनी अपमान केला, असे मुख्य कारण नव्हते. शहरात त्यांना राहायला खोली मिळत नव्हती. घरमालक भेटत, बोलणे होई, आणि समोरची व्यक्ती कोण आहे हे ध्यानात आले की खोली अचानक ‘आधीच दिलेली’ असे. उरला मार्ग लॉजचा. त्या वेळच्या बातम्यांनुसार लॉजला दिवसाकाठी चारशे ते सहाशे रुपये पडत, आणि हाती येणारे वेतन महिन्याला दहा-पंधरा हजारांच्या घरातले. व्यापारी घरात वाढलेल्या माणसाला हा हिशेब कागदावर मांडावा लागत नाही. सहाशे रुपये रोजाने महिन्याचे अठरा हजार होतात. जमेपेक्षा खर्चाची बाजूच मोठी. अशी नोकरी टिकणार कशी? शासनाने आणि कुटुंबश्रीने पुढे निवासाच्या सोयीसाठी धावपळ केली. परंतु नेमणुकीचा विचार जितका आधी झाला होता, तितका निवाऱ्याचा झाला नव्हता, ही गोष्ट लपून राहिली नाही.

कामाच्या ठिकाणी सर्व प्रकारच्या माणसांना स्थान असावे, हा विचार अलीकडे मोठ्या कंपन्यांच्या वार्षिक अहवालांत हटकून आढळतो. तो बहुधा भरतीच्या आकड्यांपाशी थांबतो. किती स्त्रिया घेतल्या, किती दिव्यांग घेतले, किती तृतीयपंथी घेतले, याचे तक्ते असतात. संध्याकाळी साडेसहा वाजता काम आटोपल्यावर तो माणूस कोठे जातो, याचा रकाना त्या तक्त्यात नसतो. कोचीने हा रकाना सर्वांसमोर आणला.

तसे पाहिले तर तो त्यापूर्वी बरोबर शंभर वर्षे आधी एकदा समोर आला होता. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर सप्टेंबर १९१७ मध्ये करारानुसार संस्थानच्या नोकरीत रुजू होण्यासाठी बडोद्यास गेले. नोकरी मोठी होती आणि नेमणूक खुद्द संस्थानची होती. तरी शहरातील कोणतेही हॉटेल अस्पृश्य म्हणून गणलेल्या माणसाला ठेवून घेणारे नव्हते. अखेर ते एका पारशी धर्मशाळेत गेले. ती केवळ पारशी उतारूंसाठी होती. तिच्या रखवालदाराने तोड काढली : नोंदवहीत पारशी नाव लिहायचे आणि दिवसाला दीड रुपया द्यायचा. बाबासाहेबांनी ते मान्य केले. वरच्या मजल्यावरील अडगळीच्या सामानाने भरलेल्या त्या दालनात, एका लहानशा कंदिलाच्या उजेडात, ते दहा दिवस राहिले. अकराव्या दिवशी सकाळी कचेरीत जायला निघाले असता डझनभर पारशी लाठ्या घेऊन जिना चढून आले आणि संध्याकाळपर्यंत जागा रिकामी करण्याचा त्यांनी दम भरला.

त्या दिवशी बाबासाहेब दोन मित्रांकडे गेले. एक हिंदू होते, दुसरे ख्रिस्ती. पहिल्याने सांगितले, तुम्ही घरी आलात तर माझे नोकर काम सोडून जातील. दुसऱ्याने पत्नीला विचारून सांगतो म्हटले. दोघांचा नकार सौम्य होता, शिष्टाचाराला धरून होता. कामाठी बागेत बसून राहिलेल्या त्या विद्वानाने रात्री नऊची मुंबईची गाडी पकडली, आणि बडोद्यातील नोकरी संपली. हा प्रसंग त्यांनी स्वतःच पुढे आपल्या आठवणींत लिहून ठेवला आहे. मुंबईस परतल्यावर त्यांनी शेअर बाजारातील गुंतवणुकीचा सल्ला देणारा व्यवसाय सुरू केला होता. सल्ला देणाऱ्याची जात समजताच ग्राहक येईनासे झाले आणि तोही बंद पडला. अर्थशास्त्रातील त्यांच्या योग्यतेविषयी शंका घेणारा त्या ग्राहकांत कोणी असेल, असे वाटत नाही.

बडोद्याच्या या हकिकतीतील एक गोष्ट सहसा कोणी मोठ्याने बोलत नाही. लाठ्या घेऊन आलेले लोक बहुसंख्य समाजाचे नव्हते. इराणातून आश्रयासाठी आलेल्या पूर्वजांचे ते वंशज होते. परक्या भूमीत थारा मिळण्याचे मोल त्यांच्या समाजाइतके क्वचितच कोणाला ठाऊक असेल. संख्येने अल्प असणे आणि मनाने उदार असणे यांचा आपोआप संबंध जुळत नाही, असा याचा अर्थ आहे. अल्पसंख्य समाजाला आपली वस्ती, आपली धर्मशाळा, आपले आचार जपावेसे वाटतात. ती भावना समजण्यासारखी आहे आणि जैन समाजाला तर ती फारच ओळखीची आहे. तिच्या पोटात दुसऱ्यासाठी दार बंद करण्याची सवय केव्हा येऊन बसते, हे मात्र ध्यानात येत नाही.

जानेवारी २०१४ मध्ये केंद्र शासनाने जैन समाजाला राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली. त्याच वर्षी १५ एप्रिल रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या याचिकेवर निकाल देऊन तृतीयपंथीयांची स्वतंत्र ओळख मान्य केली. या याचिकेत मुंबईच्या गौरी सावंत आणि लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचाही सहभाग होता. एकाच वर्षात, तीन महिन्यांच्या अंतराने, दोन अल्पसंख्य समूहांना कायद्याच्या कागदावर नाव मिळाले. २०११ च्या जनगणनेत देशातील जैनांची संख्या सुमारे साडेचव्वेचाळीस लाख, त्यांपैकी चौदा लाख महाराष्ट्रात. लिंगाच्या रकान्यात ‘इतर’ अशी नोंद झालेल्यांची संख्या देशात ४,८७,८०३ आणि महाराष्ट्रात ४०,८९१. ओळख उघड करण्याची धास्ती लक्षात घेता खरी संख्या याहून मोठी असणार. साम्य येथेच संपते. शिक्षणात जैन समाज देशात अग्रभागी. ‘इतर’ रकान्यातील लोकांत साक्षरता जेमतेम ५६ टक्के, जेव्हा देशाची सरासरी ७४ टक्के होती. घरातून बाहेर काढले गेलेले मूल शाळेत किती दिवस टिकणार?

व्यापाऱ्याचा आणि तृतीयपंथीयाचा संबंध तसा जुना आहे. नव्या दुकानाचा मुहूर्त, घरातील लग्न, मुलाचा जन्म, दिवाळी अशा प्रसंगी ते दारात येतात, आशीर्वाद देतात, पैसे घेऊन जातात. एरवीही बाजारपेठेत ठरावीक दिवशी फेरी असते आणि गल्ल्यावर बसलेला माणूस नाणी तयार ठेवतो. देण्यात थोडी श्रद्धा असते, थोडी भीती असते आणि लवकर पुढे जावेत ही इच्छा असते. त्याच व्यक्तीने गल्ल्यापलीकडे उभे राहून माल दाखवावा, बिल करावे, ही कल्पना मात्र सहज मनात येत नाही. वास्तविक साडीच्या दुकानात रोज एक गंमत घडत असते. पन्नाशीचा मिशीवाला विक्रेता पैठणीचा पदर आपल्याच खांद्यावर टाकून, निऱ्या धरून गिऱ्हाइकाला दाखवतो आणि समोर बसलेल्या सासू-सुना त्यावर गंभीरपणे चर्चा करतात. तेथे कोणालाही काही वावगे वाटत नाही. कारण कामाला सवय झाली की डोळ्यांनाही सवय होते.

तृतीयपंथी म्हटले की टाळी आठवते, हेही एक अपुरे चित्र आहे. पारलिंगी पुरुषही असतात; जन्माने मुलगी म्हणून नोंदले गेलेले, स्वतःला पुरुष मानणारे. ते बहुधा कोणाच्या नजरेत भरत नाहीत. एखाद्या पेढीत मान खाली घालून हिशेब लिहिणारा अबोल तरुण अशांपैकी असू शकतो. आणि त्याची मोठी काळजी एवढीच असते की जुन्या दाखल्यावरचे नाव कोणी सर्वांसमोर वाचू नये.

मग यातून वाट कशी निघते? याचे उत्तर व्यापारी समाजांच्याच इतिहासात सापडते. राजस्थानातून मारवाडी आणि जैन तरुण मुंबई-कलकत्त्यास आले, तेव्हा पैसा, ओळख, भाषा यांपैकी त्यांच्यापाशी थोडेच काही होते. त्यांच्या यशाचे श्रेय सहसा काटकसरीला आणि हिशेबीपणाला दिले जाते. पण परगावी पोहोचलेल्या मुलाला पहिल्या रात्री झोपायला जागा आणि दुसऱ्या दिवशी शुद्ध भोजन मिळत असे, ही त्यामागची मूळ सोय होती. ‘बासा’ या नावाने ओळखली जाणारी सामायिक निवास-भोजनाची व्यवस्था मोठ्या पेढ्या चालवीत किंवा व्यापारी मिळून चालवीत. महाराष्ट्रातील पेठांतही दुकानावरचा माळा हेच कितीएक मुनिमांचे पहिले घर होते. मुलाला नोकरी दिली म्हणजे त्याच्या पथारीची आणि ताटाची जबाबदारी घेतली, असा अलिखित रिवाज होता. शिक्षणाच्या बाबतीतही तोच विचार झाला. शेठ माणिकचंद हिराचंद यांनी मुंबईत वडिलांच्या नावाने विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग काढले. १९१५ मध्ये आचार्य विजयवल्लभसूरींच्या प्रेरणेने महावीर जैन विद्यालय सुरू झाले. नावात विद्यालय असले तरी ते मूलतः वसतिगृह. महाविद्यालये मुंबईत होतीच. खेड्यातून आलेल्या मुलाला आपल्या आचाराप्रमाणे राहण्याची जागा नव्हती. ती मिळाली आणि समाजाची एक पिढी शिकली.

याच व्यवस्थेची दुसरी बाजू भाऊराव पाटलांनी अनुभवली. कुंभोजच्या दिगंबर जैन कुटुंबातील हा मुलगा कोल्हापुरात जैन बोर्डिंगमध्ये राहत होता. १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. त्या समारंभाला तो गेला. परत आल्यावर स्नान करून शुद्ध होऊनच आत यावे, असे त्याला सांगण्यात आले. त्याने नकार दिला आणि बोर्डिंग सोडावे लागले. चरित्रकारांनी हा प्रसंग नोंदवून ठेवला आहे. पुढे भाऊराव ओगल्यांच्या काचमालाचे आणि किर्लोस्करांच्या नांगरांचे विक्रेते म्हणून गावोगाव हिंडले. १९१९ मध्ये काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली, आणि १९२४ पासून सातारच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंक्तीला बसून जेवू लागली. शाळा काढणारे त्या काळात पुष्कळ होते. भाऊरावांनी आधी वसतिगृह काढले, हे त्यांचे वेगळेपण. स्वतः एकदा बाहेर पडावे लागल्यामुळे दाराची किंमत त्यांना कळली होती, असे म्हणण्यास जागा आहे.

पारशी उद्योजकांचाही दाखला येथे द्यायला हवा. बडोद्याची धर्मशाळा सांगून थांबणे अन्यायाचे होईल. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. मुंबईच्या मानाने तेथील कामगारांना गिरणीच्या शिस्तीची सवय नव्हती. पाचांतला एक गैरहजर, अशी स्थिती वारंवार येई. त्या काळच्या रीतीप्रमाणे दंड करणे किंवा पगार कापणे हा सोपा उपाय होता. जमशेटजींनी गैरहजेरीचे कारण कामगाराच्या आळसात न शोधता त्याच्या परिस्थितीत शोधले. गिरणीत हवा खेळती राहण्याची आणि दमटपणा राखण्याची यंत्रणा बसवली, १८८६ मध्ये निवृत्तिवेतनाचा निधी सुरू केला, १८९५ मध्ये अपघाताची भरपाई देण्यास आरंभ केला. कायद्याने यांतील काहीही तेव्हा बंधनकारक नव्हते. हजेरी सुधारली आणि गिरणी नफ्यात चालली. यात केवळ दयाबुद्धी पाहणाऱ्याला जमशेटजींमधला व्यापारी दिसलाच नाही, असे म्हणावे लागेल.

आर्देशीर गोदरेज यांची गोष्ट नावाची आहे. कुलुपांच्या धंद्याआधी ते शस्त्रक्रियेची उपकरणे बनवीत असत. माल उत्तम होता, आणि मुंबईतील एका ब्रिटिश कंपनीला तो पसंतही पडला. अडचण एकच निघाली : मालावर ‘भारतात बनविलेले’ असा शिक्का नसावा, असा त्या कंपनीचा आग्रह होता. आर्देशीर मानले नाहीत. व्यवहार मोडला, धंदा बुडाला, डोक्यावर कर्ज राहिले. १८९७ मध्ये त्यांनी कुलुपे बनवायला घेतली. आपल्या मालाने दुसऱ्याचे नाव लावून बाजारात जाऊ नये, एवढाच त्यांचा हट्ट होता.

बडोद्याच्या नोंदवहीतील पारशी नाव आणि आर्देशीरांचा शिक्का या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या, म्हणजे आजच्या तृतीयपंथी कर्मचाऱ्याची एक फार मोठी अडचण नीट समजते. आधार कार्डावर एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरे, बँकेत तिसऱ्याच स्पेलिंगचे. हजेरीपटावर जुने नाव लिहिले की रोज सकाळी चारचौघांत तेच पुकारले जाते. मालकाच्या लेखी ती कागदाची बाब असते. ज्याचे नाव पुकारले जाते त्याच्या लेखी ती आपल्या मालावर दुसऱ्याचा शिक्का मारल्यासारखी. भविष्यनिर्वाह निधीच्या आणि बँकेच्या कागदांसाठी जुने नाव लागले तर ते कपाटातील फाइलमध्ये राहू शकते. छातीवरच्या पट्टीवर, पगाराच्या पाकिटावर आणि सहकाऱ्यांच्या तोंडी नवे नाव असण्यास कोणताही खर्च येत नाही.

आर्देशीरांच्याच नावाच्या उद्योगसमूहाने पुढे या विषयात लक्ष घातले. डिसेंबर २०१८ मध्ये मुंबईत विक्रोळी येथील गोदरेज इंडिया कल्चर लॅबने भारतीय कार्यालयांत पारलिंगी व्यक्तींना कसे सामावून घ्यावे, याविषयी एक जाहीरनामा प्रसिद्ध केला. टाटा स्टीलने डिसेंबर २०२१ मध्ये झारखंडमधील वेस्ट बोकारो येथील कोळसा खाणीत १४ तृतीयपंथी व्यक्तींना अवजड यंत्रे चालविण्याच्या प्रशिक्षणासाठी घेतले. महाराष्ट्रात २०२२ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेने तृतीयपंथीयांना सुरक्षारक्षक म्हणून आणि अस्वच्छता करणाऱ्यांवर कारवाई करणाऱ्या पथकात काम दिले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पोलीस शिपायांच्या भरतीत तृतीयपंथीयांसाठी अर्जात रकाना ठेवण्यास आणि शारीरिक चाचणीचे नियम करण्यास राज्य शासनाला सांगितले. नियम नाहीत म्हणून अर्ज नाही, आणि अर्ज नाहीत म्हणून नियमांची घाई नाही, असे चक्र तोवर चालू होते.

वृत्तपत्रांना यंत्र चालविणारी तृतीयपंथी व्यक्ती ही बातमी वाटते. कारखानदाराने मात्र पाहायचे ते वेगळेच : कंपनीची वसाहत, कंपनीचे रुग्णालय, कंपनीची बस ज्या उद्योगापाशी असते, त्याला कोचीची अडचण तितकीशी भेडसावत नाही. पाच-दहा नोकरांच्या दुकानाला, यंत्रमागाच्या कारखान्याला किंवा औषधांच्या घाऊक पेढीला अशी वसाहत नसते. त्यांच्यापाशी दुसरे काही असते. बाजारपेठेतील त्याच कुटुंबाच्या मालकीची दोन-चार घरे भाड्याने दिलेली असतात. घरातील कोणीतरी सोसायटीच्या कमिटीवर असते. एखादे वडीलधारे धर्मशाळेचे किंवा वसतिगृहाचे विश्वस्त असतात. नोकरीची किल्ली आणि खोलीची किल्ली एकाच घरात असण्याचा प्रकार इतर समाजांत फारसा आढळत नाही.

सोसायट्यांचा विषय नाजूक आहे, म्हणून तो टाळण्यात अर्थ नाही. एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व आपल्या समाजापुरते ठेवण्याचा सहकारी संस्थेचा उपविधी वैध ठरवला. शाकाहार, अपेयपान न करणे असे आचाराचे नियम जपण्याची इच्छा असलेल्या कुटुंबांना त्यातून आधार वाटला. पण आचाराचा नियम आणि माणसाच्या देहाविषयीचा नकार या निरनिराळ्या गोष्टी आहेत. जो भाडेकरू शाकाहारी आहे, भाडे वेळेवर देतो, रात्री गोंगाट करत नाही, त्याला केवळ तो तृतीयपंथी आहे म्हणून नाकारले, तर त्यात कोणता आचार जपला जातो, हे सांगणे कमिटीला कठीण जाईल.

शास्त्र काय म्हणते, असा प्रश्न ज्येष्ठ मंडळी विचारतात आणि तो रास्त आहे. जैन कर्मसिद्धान्तात नोकषायांच्या नऊ भेदांमध्ये स्त्रीवेद, पुरुषवेद आणि नपुंसकवेद असे तीन वेद गणले आहेत. आणि शरीराने असणारा द्रव्यवेद व अंतःकरणात उदयास येणारा भाववेद यांत भेद केला आहे. देह एक सांगतो आणि भाव दुसरे सांगतो, हे जैन आचार्यांना अपरिचित नव्हते. श्वेतांबर आगमांतील प्रज्ञापनासूत्रात सिद्धांचे पंधरा प्रकार सांगताना नपुंसकलिंगसिद्धही मोजला आहे. दिगंबर परंपरा भाववेद कोणताही असला तरी मोक्षासाठी द्रव्याने पुरुष असणे आवश्यक मानते. दीक्षेच्या बाबतीत आगमांत स्पष्ट निर्बंधही आहेत. ते झाकून केवळ सोयीचे वचन पुढे करणे योग्य नाही. तथापि हे निर्बंध मुनिसंघाच्या व्यवस्थेचे आहेत. दुकानात मजुरीने काम करणाऱ्याला किंवा भाड्याने राहणाऱ्याला ते लावावेत, असे कोठे म्हटलेले आढळत नाही.

कायदा आता पुष्कळ स्पष्ट आहे. १० जानेवारी २०२० पासून अमलात आलेल्या तृतीयपंथी व्यक्ती हक्कसंरक्षण कायद्याने कोणत्याही आस्थापनेला नोकरी आणि बढतीच्या बाबतीत भेदभाव करण्यास मनाई केली, आणि प्रत्येक आस्थापनेने तक्रार ऐकणारा एक अधिकारी नेमावा असे सांगितले. २०२० च्या नियमांत समान संधीचे धोरण लिहून जाहीर करणे, स्वच्छतागृहाची सोय पाहणे, ओळखीविषयी गुप्तता पाळणे या गोष्टी आल्या. तरीही ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे अशा शिक्षिकेचे प्रकरण आले, जिला एका खासगी शाळेने कामावरून दूर केले होते आणि दुसरीने नेमणूक देऊनही रुजू होऊ दिले नव्हते. न्यायालयाने भरपाई देवविली आणि समान संधीचे धोरण आखण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती आशा मेनन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली.

लहान पेढीला या धोरणासाठी वकील लावण्याची गरज नाही. स्वच्छतागृह बहुतेक दुकानांत एकच असते आणि ते सर्वांसाठी असते. त्याला आतून नीट लागणारी कडी हवी. जुन्या नोकरांशी आधी बोलावे लागते, तेही सर्वांना एकत्र बसवून नव्हे. मुनीमजींशी वेगळे, तरुण मुलांशी वेगळे, कारण दोघांच्या शंका निराळ्या असतात. गिऱ्हाइकांपैकी कोणी कुजबुजले, तर शेठने त्या वेळी गल्ल्यावरून उठून आत जाऊ नये. बडोद्याच्या त्या दोन मित्रांचा नकार असाच होता. एकाने नोकरांचे नाव पुढे केले, दुसऱ्याने पत्नीचे. गिऱ्हाइकांचे नाव पुढे करणे तितकेच सोपे असते. आणि वृत्तपत्रात जाहिरात देण्याआधी, किंवा एखाद्या संस्थेकडे माणूस मागण्याआधी, राहण्याच्या जागेची चौकशी करून ठेवावी लागते. दुकानावरचा माळा, जुन्या वाड्यातील मागची खोली, ओळखीच्या दलालाकडे असलेली जागा, यांपैकी काही ना काही व्यापाऱ्याच्या माहितीत असतेच. पूर्वी राजस्थानातून आलेल्या पुतण्यासाठी किंवा साडूच्या मुलासाठी ही चौकशी आपोआप होत असे. त्याला कोणी धोरण म्हणत नसे.

२०१९ मध्ये संमत झालेल्या त्या कायद्याचे तिसरे कलम भेदभावाच्या प्रकारांची यादी देते. शाळेत प्रवेश नाकारणे, नोकरी नाकारणे किंवा कामावरून काढणे, उपचार नाकारणे, असे करत ती यादी पुढे जाते. राहण्यासाठी घर विकत किंवा भाड्याने घेण्याचा हक्क नाकारणे, हेही त्याच यादीत आहे. नोकरीनंतर चार ओळींच्या अंतरावर.